मुलुंड ते बोरिवली, दोन स्पीकर घेऊन

रविवारी सकाळी मुलुंडला आमच्या फाटकापाशी रिक्षा थांबली. चालकाने सामानाकडे एकदा पाहिलं आणि फ्रिज नेत नाही म्हणून सांगितलं. तो फ्रिज नव्हता, चाकांवरचा, माझ्या कमरेएवढा स्पीकर होता. बँकेतली नोकरी सोडून मी गिटार घेऊन एकटीने कार्यक्रम करू लागले त्याला वर्ष होत आलं होतं. त्या दिवशी दुपारी घाटकोपरला एका आजींच्या वाढदिवसाला गायचं होतं आणि संध्याकाळी बोरिवलीच्या एका सोसायटीच्या मैदानात. बोरिवलीकरांना आवडलं तर दर महिन्याला बोलावणार होते. म्हणून मोठा स्पीकर घेतला, आणि असू दे म्हणून जेवणाच्या डब्याएवढा छोटाही.

घाटकोपरच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आजींचा मुलगा सुधाकरकाका आणि मी मिळून स्पीकर तिसऱ्या मजल्यावर चढवला. तो खोलीत ठेवल्यावर आजींनाच बसायला जागा उरेना. आजी मूळच्या मालवणच्या. त्या म्हणाल्या, "चेडवा (मुली), ह्यां कपाट कित्याक हाडलंस (कशाला आणलंस)?"

पहिल्याच सुराला आजींच्या कानातलं यंत्र शिट्टी मारू लागलं. त्यांनी ते काढून डबीत ठेवलं. आता जिच्यासाठी गायचं तिलाच ऐकू येईना. शेवटी मी स्पीकर बंद केला आणि पलंगावर त्यांना चिकटून बसून थेट कानाशी गायले. आजींनी गिटारवर हात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही.

मग सुधाकरकाकांना माइकची हौस आली. त्यांनी स्पीकर परत चालू केला आणि सगळ्यांना जेवायला चला म्हणून सांगितलं. सगळे समोरच बसले होते, पण खिडकी उघडी होती. थोड्या वेळाने वरचे, खालचे आणि समोरच्या इमारतीतलं एक अख्खं कुटुंब इस्त्रीचे कपडे घालून हजर. नाही कोणाला म्हणणार? कोंबडीचा रस्सा पातळ होत गेला, वडे अर्धे अर्धे झाले, तळमजल्यावरच्या गुजराती काकूंनी ढोकळ्याचं ताट पाठवलं. मी जिन्यात उभी राहून ढोकळ्याबरोबर रस्सा खाल्ला. बरा लागतो. आजी मात्र खूश होत्या. त्यांच्या लग्नातही एवढी माणसं नव्हती म्हणे.

मला या सगळ्याची इतकी लाज वाटली, की मोठा स्पीकर नंतर नेते म्हणून तिथेच ठेवून मी छोटा घेऊन निघाले. पवईला तलाव लागला. जलपर्णीने काठ हिरवागार झाला होता आणि पलीकडे डोंगर उन्हात पेंगत होते. मांडीवर एवढंसं ओझं. मी फार शहाणी झाले आहे असं मला वाटत होतं.

बोरिवलीचं मैदान खरोखरच मैदान निघालं. चारी बाजूंना इमारती, लांबवर खुर्च्या, आणि जी थोडी माणसं होती ती शेवटच्या रांगेत. स्टेजवरचा माझा स्पीकर कोणीतरी विसरलेल्या डब्यासारखा दिसत होता. आवाज तिसऱ्या रांगेपुढे जाईना. वाट लागली. तेवढ्यात सेक्रेटरी देसाईंनी वॉचमनच्या केबिनमधला भोंगा आणून माझ्या हातात दिला.

मी भोंग्यातून गाऊ लागले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. पहिलं कडवं संपेपर्यंत एकजण रद्दीचे गठ्ठे घेऊन खाली आला, दुसरा मोडका टेबलफॅन घेऊन. मग एक बाई लोखंडी कढई घेऊन थेट स्टेजपाशी आल्या.

"लोखंड घेतेस ना गं?"

"नाही हो मावशी, मी गाते."

त्यांनी जरा विचार केला. "बरं, खाली आलेच आहे तर ऐकते."

कढई मांडीवर घेऊन त्या पहिल्या रांगेत बसल्या. रद्दी घेऊन आलेले गठ्ठ्यांवरच बसले. त्यांना बघून मागचेही पुढे सरकले. इतके जवळ, की मी भोंगा खाली ठेवला आणि छोटा स्पीकर पुरला. अंधार पडेपर्यंत गायले.

निघताना देसाई म्हणाले, आमच्याकडे कार्यक्रमाला एवढी माणसं कधीच उतरत नाहीत, तुम्ही दर महिन्याला या. फक्त सुरुवात भोंग्यावरच करा.

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते. कुठल्या जागेला कुठला स्पीकर, एवढाच हिशेब मी वर्षभर मांडला. समोरची माणसं उठून जवळ येऊ शकतात, हे कधी धरलंच नव्हतं.

घरी नवऱ्याने कार्यक्रम कसा झाला म्हणून विचारलं. मावशींना परत चार मजले चढवायची नव्हती, म्हणून त्यांनी मलाच दिलेली ती कढई मी त्याच्या हातात ठेवली.