मिससाहेबांना बोलावणं येईना

मिशनच्या दवाखान्यात औषधं अर्ध्या महिन्यातच संपायची, किस्से मात्र कधी संपले नाहीत. तिथली दोन जुनी माणसं भेटली की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. मी तिथला कंपाउंडर, त्यामुळे बहुतेक किस्से माझ्यासमोरच घडले. ज्यांत मूर्ख मी ठरलो, ते सांगणार नाही!

काळ निजामाचा. गाव राजूरच्या अलीकडचं. एल्सी मिससाहेब विलायतेतून चर्चच्या सेवेला आल्या. नर्स होत्या आणि पगार घेणार नव्हत्या. गावाला हे काही पटेना. पाटलांनी मला चावडीवर धरलं.

"पगार न्हाई?"

"न्हाई."

"नवरा?"

"न्हाई."

"मंग घरून पळून आल्ती म्हन की सरळ!"

आठवड्याच्या आत एका बिजवराचा निरोप आला. सहा एकर जमीन, एक विहीर, आणि मुलीच्या धर्माबद्दल त्याची काही तक्रार नव्हती!

*

विलायतेतल्या चर्चच्या बायकांनी 'हिंदुस्थानच्या गरीब लेकरांसाठी' पेटीभर लोकरी मोजे विणून धाडले. पेटी पोचली ऐन उन्हाळ्यात. मिससाहेबांनी घाम पुसत पुसत घरोघरी मोजे वाटले. फुकट मिळालेल्या वस्तूला आमचं गाव नाही म्हणत नाही.

पोळ्याला बैलांची मिरवणूक निघाली. एकेका शिंगावर लोकरी मोजा! मिससाहेब बघतच राहिल्या. जालन्याच्या पाद्रीसाहेबांनी मात्र विलायतेला कळवलं, "मोज्यांचा गावात उत्तम उपयोग होत आहे."

त्यात खोटं तरी काय होतं!

*

एकदा पाटील तापानं फणफणले. दवाखान्यात आले ते स्वतःचा तांब्या घेऊनच.

"पूड द्या. पानी आमच्या घरचं."

मिससाहेबांनी स्टोव्ह पेटवून दाखवला. मराठी त्या जपून बोलायच्या. "पाटील, आम्ही पाणी उकळतो. सगळे जंतू मरतात."

"जंतू मरतेत, बाई. पन जात उकळून मरती व्हय?"

मिससाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आमचं घर ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, पण पाटलांच्या अंगणाच्या पुढे मला अजून पाऊल टाकता येत नव्हतं. मी मान खाली घालून बाटल्या पुसायला लागलो.

*

पाटलांनाच कशाला नावं ठेवायची? आमच्या चर्चमध्ये पुढे बसायचे महारवाड्यातले ख्रिस्ती आणि दाराशी बसायचे मांगवाड्यातले ख्रिस्ती. हे लक्षात आल्यावर मिससाहेब संतापल्या. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः हाताला धरधरून सगळ्यांना मिसळून बसवलं.

त्याच्या पुढच्या रविवारी पुढचे सगळे बाक रिकामे! मिससाहेब जाब विचारायला निघाल्या. आमच्यातला एक वडीलधारा हात जोडून म्हणाला, "सोर्गात बसू की एका बाकावर, बाई. इथं सोयऱ्यांना तोंड दाखवायचं हाय!"

वडीलधारा म्हणजे माझा सख्खा चुलता. त्या रविवारी मीही घरीच होतो.

*

मिससाहेबांना या सगळ्याचं एवढं काही नव्हतं. त्यांना एकच हवं होतं, अडलेल्या बाईसाठी वेळेवर बोलावणं यावं. ते येत नव्हतं. गावची सुईण पाणवठ्यावर सांगायची, "सोताला लेकरू न्हाई, अन् दुसऱ्याचं काढायला आली!" बायका हसायच्या.

एकदाच बोलावलं, तेही कळा सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी. आम्ही पोचलो तेव्हा बाई गेली होती. परत येऊन मिससाहेब पायरीवर बसून रडल्या. मला त्या दिवशी गावाची फार चीड आली.

मग पाद्रीसाहेबांचं पत्र आलं. मे अखेरपर्यंत गावात एकही बाळंतपण हातून झालं नाही, तर जालन्याला येऊन शिवणाचा वर्ग घ्यावा! मिससाहेबांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो भाग वेगळा.

*

मे महिना सरत आला. ऊन मी म्हणत होतं. भर दुपारी पाटलांचा गडी धापा टाकत आला. "बाईला घेऊन चल जल्दी! थोरली सून अडली."

मी बॅग घेऊन अंगणापर्यंत गेलो आणि थांबलो. मिससाहेब आत गेल्या. तासाभरानं सुईण बाहेर आली, म्हणाली, "पोरगं झालं, पन रडंना. बाई त्याच्या तोंडाला तोंड लावून फुकून राह्यली!"

पाटील उठून उंबऱ्याशी गेले. आणि मग आतून रडणं ऐकू आलं. मलाही रडू आलं, लपवलं नाही.

मिससाहेब बाहेर आल्या. त्यांच्या मागोमाग पाटलीणबाई गोमूत्राचा तांब्या घेऊन! उंबऱ्यावर शिंपडलं, ओसरीवर शिंपडलं, बाईंचं पाऊल जिथे जिथे पडलं तिथे तिथे शिंपडलं. पाटलांना त्यात काहीच वावगं वाटेना. ते मिससाहेबांना सांगत होते, "धाकल्या सुनेचे आषाढात दिवस भरतेत. तवर कुठं जायचं न्हाई. पाद्रीला मी बोलतो."

सुईणीनं नातू आणून पाटलांच्या हातात दिला. सगळं घर शिंपडून झालं होतं. पाटलीणबाई तांब्या घेऊन बाळापाशी आल्या आणि त्यांनी बोटं बुडवली.

पाटलांनी नातवाला झटकन उपरण्याखाली घेतलं.

"त्याच्यावर नको," ते म्हणाले, "थंडी लागंल."