एक जुना, एक नवा चेहरा

शेवटी शेवटी आई मला ओळखत नव्हती. "बाई, तुम्ही कोणाच्या?" असं मलाच विचारायची. म्हणून माझ्या हातून भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, तेव्हा वाटलं, आईचंच दुखणं आपल्याला लागलं की काय. घरात कोणाला बोलले नाही.

मी जिच्याकडं स्वयंपाक करते, ती मुलगी मेंदूवर संशोधन करते. तिला मेंदूचे फोटो काढणाऱ्या मशीनमध्ये झोपायला माणसं हवी होती. मी लगेच तयार झाले. कारण सांगितलं नाही.

आधी तिनं काही चेहरे दाखवले. मग त्या खडखडणाऱ्या नळीत झोपवलं. चेहरा आधी पाहिलेला असेल तर बटण दाबायचं. चेहरे सारख्या अंतरानं यायचे, एक जुना, एक नवा. भाकरी थापताना हाताला ठेका लागतो, तसं माझं बोट आपोआप चालायला लागलं. चेहऱ्यांकडं नीट पाहिलंही नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मावशी, एकही चुकलं नाय. लई भारी डोकं आहे तुमचं."

मी खुळी, ते खरं धरलं. आईचं दुखणं आपल्याला नाही, असं समजून रात्री गाढ झोपायला लागले.

पुढं एकदा तिला शिकवणाऱ्या मॅडम जेवायला आल्या. मी ओट्याशी भाकरी थापत होते, बाहेर त्या तिला बोलत होत्या. चेहरा दिसला की मेंदूत रक्त सावकाश चढतं, सावकाश उतरतं. एकाचं उतरायच्या आत दुसरा आला की दोन्हींचं मिसळतं. म्हणून अंतर कमीजास्त ठेवायचं, जुने-नवेही कसेही मिसळायचे. चेहऱ्यांच्या मांडणीतून काही हाती लागेल का, हे माणूस आत घालायच्या आधीच कॉम्प्युटरवर मोजता येतं. तिनं मोजलं नव्हतं. "असं एकाआड एक ठेवल्यावर कोणीही बरोबरच सांगेल," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी धीर करून विचारलं, "मग माझ्या डोक्याचं काय दिसलं?"

ती मोबाइलमध्ये बघतच बोलली, "काहीच वेगळं काढता येत नाय, मावशी. ते सोडूनच द्यावं लागेल."

तिनं मांडणी बदलली, नवी माणसं बोलावली. मला सगळं माहीत झालंय म्हणून मी चालणार नव्हते. मशीनमध्ये झोपल्याचं तेवढं घरी ठाऊक होतं. सून हसली, "काय सापडलं मग आतमध्ये?"

आता भाजीत मीठ घातलं की मी खूण म्हणून मिठाच्या डब्याचं झाकण उलटं ठेवते. पण कधी कधी उलटं झाकण दिसतं, आणि ते आत्ताचं की सकाळचं, हे आठवत नाही.