सासूबाई मागे बसल्या तेव्हा

कळ आली तेव्हा मी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहीत होते. ओल्या कापडाचा पीळ काढावा तसं उजव्या कुशीत कोणीतरी आतून पिळायला लागलं आणि पिळता पिळता ओटीपोटाकडं न्यायला लागलं. मी खडू ठेवला, टेबलाचा कोपरा धरला आणि मुलांना म्हटलं, "पुढचं तुम्ही करा." पुढचं कोणीच केलं नाही. सगळी माझ्याकडं बघत होती. पहिल्या बाकावरची पोरगी धावत जाऊन मुख्याध्यापकांना घेऊन आली. सरांच्या चारचाकीतून यवतमाळला जाताना मी दोनदा ओकले. माझी गाडी शाळेच्या लिंबाखाली तशीच उभी राहिली.

सोनोग्राफीत दिसलं की मुतखडा मूत्रपिंडातून निघून खालच्या नळीत अडकला आहे. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिता?"

"घरी पिते."

"आणि शाळेत?"

"शाळेत नाही पीत."

नवरा शेजारीच उभा होता. त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "काहून नाही पीत?"

उत्तर मला माहीत होतं. पण डॉक्टरांसमोर, नवऱ्यासमोर ते कुठून सुरू करावं ते कळेना. सुरू करायचं तर माझ्या आईपासून करावं लागलं असतं.

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. कॉलेजला रोज एस.टी.नं दारव्ह्याला जायचं होतं. पहिल्या दिवशी आईनं डबा दिला, बसचा पास ओढणीच्या टोकाला बांधून दिला आणि सांगितलं, "निघाच्या आधी जाऊन ये. अन् मंग घरी येईपर्यंत पानी नको पिऊ. रस्त्यानं कुठं जाशील?" तिच्याजवळ मला द्यायला जे होतं त्यातलं हे एक. ती स्वतः वावरात मजुरीला जायची, दिवस कसा काढायचा ते तिला ठाऊक होतं. मी तिचं ऐकलं. बी.ए. झालं, डी.एड. झालं, नोकरी लागली. त्या नियमावर माझं शिक्षण झालं, असं म्हटलं तरी चालेल. आईचे उपकार मी विसरणार नाही. पण नियम तसाच अंगात राहिला. शाळा असली की मी सकाळी चहासुद्धा अर्धाच घ्यायची.

खडा शेवटी दुर्बीण घालून काढला. आत काही दिवस एक बारीक नळी ठेवली होती. तिचा त्रास खड्यापेक्षा कमी, पण चिवट. लघवीला जायचं म्हटलं की आधी भिंत धरायची. माझं सासर दारव्ह्यातच, त्यामुळं या काळात औषध सांगायला सगळं दारव्हा येऊन गेलं. कोणी पानफुटीची पानं आणली, कोणी कुळथाचं कढण. मुख्याध्यापक भेटायला आले तेव्हा म्हणाले, "यावर एक जालीम औषध आहे, बाटलीत मिळते. पण मॅडमला सांगता नाही येत." नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी कारण शोधून ठेवलं होतं.

"फटफटीनं झालं," त्या म्हणाल्या.

माझी गाडी म्हणजे साधी मोटारसायकल. आधी माझ्याजवळ स्कूटी होती. पण शाळेच्या गावाचा आतला रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात स्कूटीच्या लहान चाकांत माती भरायची आणि चाक फिरायचंच थांबायचं. मग नवऱ्याची जुनी मोटारसायकल मी शिकून घेतली. बाजाराच्या दिवशी लोक वळून बघायचे, "मास्तरीण चालली पाहा" म्हणायचे. काही दिवसांनी म्हणायचे थांबले.

सासूबाईंचं म्हणणं त्यांच्या परीनं बरोबर होतं. "दगड हाये न तो? गप बसला होता आपल्या जागी. रोज दणके देल्ले म्हणून हालला."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "उलट दणक्यानं पडते म्हनतात, माय."

"तुमच्या घरचा पाडा मंग."

घरात ठरलं, गाडी विकायची. नवरा आईच्या शब्दाबाहेर नाही आणि खरं म्हणजे तोही घाबरला होता. दवाखान्यात त्यानं मला गुडघे पोटाशी घेऊन लोळताना पाहिलं होतं. आमच्या ओळखीच्या एका घरचा मुलगा रविवारी संध्याकाळी गाडी बघायला येणार होता. सोमवारपासून मी एस.टी.नं बोरी अरबपर्यंत जायचं, पुढं मिळेल त्या ऑटोनं. ऑटो भरेपर्यंत सुटत नाही. म्हणजे प्रार्थना रोज माझ्याशिवाय होणार, आणि थोड्या दिवसांत 'मॅडमची तब्येत बरी नसते' हेच माझं नाव पडणार. इतक्या कष्टानं मिळवलेल्या नोकरीत मी अर्धी मास्तरीण व्हायला तयार नव्हते.

डॉक्टरांनी नळी काढताना साफ सांगितलं होतं की गाडीचा आणि खड्याचा संबंध नाही, पाण्याचा आहे. ते मी घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर बसला होता का मांगं?"

मी म्हटलं, "तुम्ही बसा."

रागात बोलून गेले होते. पण रविवारी सकाळी मी अंगणात गाडी पुसायला घेतली, तर सासूबाई डोक्याला रुमाल बांधून, स्वेटर घालून दारात उभ्या. "चाल. एकटी गेली अन् रस्त्यात पडली तं? मी पायते काय होते ते." नवरा दात घासत होता. ब्रश तोंडात ठेवूनच तो आमच्याकडं बघत राहिला.

मी पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत घातल्या. निघण्याआधी एक तांब्या पाणी मुद्दाम त्यांच्यासमोर प्यायले. दवाखान्यातून आल्यापासून पाणी पीतच होते, पण प्रवासाला निघताना प्यायलेलं हे पहिलंच.

एका किकमध्ये गाडी सुरू झाली. सासूबाई एका बाजूला पाय करून बसल्या आणि त्यांनी मला कमरेला धरलं. त्यांचा हात नेमका त्याच कुशीवर आला. गावाबाहेर पडेपर्यंत मी श्वास जपून घेत होते. थंडीचे दिवस. तुरीवर पिवळा फुलोरा होता, वावरात बाया कापूस वेचत होत्या. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते. पहिला खड्डा आला.

"दुखलं?"

"नाही, आई."

दुसरा आला. "आता?"

"नाही."

"खोटं नको बोलू."

"खरंच नाही."

प्रत्येक खड्ड्याला त्या विचारत होत्या. मीही मनात विचारतच होते. कुठं बारीक कळ उठते का, आत काही सरकतं का. काही नव्हतं. नुसता वारा, चेनचा ओळखीचा आवाज आणि हँडलवर गार पडलेली बोटं. अडाण नदीच्या पुलावर मी गाडी थांबवली, अर्धी बाटली प्यायले आणि सासूबाईंसमोर धरली. त्यांनी मान हलवली. "प्रवासात मी नाही पीत."

मी बाटलीचं झाकण लावलं. पुन्हा गाडी काढली. पुलानंतरचा रस्ता सरळ आहे. मी चौथ्या गिअरला गेले. किती दिवस मी खाटेवरून खिडकीचे गज बघत होते! आता दोन्ही बाजूंनी वावरं मागं धावत होती आणि मी मोठ्यानं हसले.

"काहून हासली?"

"असंच."

त्यानंतर त्यांनी खड्ड्याला "दुखलं?" विचारलं नाही. "हे वावर कोनाचं? पऱ्हाटी चांगली उभी केली," असं त्या बोलत होत्या.

शाळेपाशी पोचलो तोवर पाण्यानं आपलं काम केलं होतं. मला जायचं होतं. रविवार, फाटक नुसतं लोटलेलं. मी सासूबाईंना मागच्या बाजूला नेलं. मुलींचं आणि बायकांचं मिळून एकच शौचालय. दाराला कुलूप.

"चाबी?"

"सरांच्या कपाटात असते."

"अन् रोज?"

"रोज मागावी लागते. ऑफिसात सगळे बसलेले असतात. चाबी घेऊन सगळ्यांसमोरून इथपर्यंत यायचं. आत पाणी नाही, बादली हापशीवरून आणायची. कडी आतून लागत नाही."

सासूबाईंनी ते कुलूप हातात घेऊन पाहिलं. गंजलेलं होतं. मग दाराच्या फटीतून आत पाहिलं. "पोरीबी?"

"पोरीबी पाणी पीत नाहीत."

त्यांनी हाताला लागलेला गंज पदराला पुसला. मग म्हणाल्या, "धर न आता. घरी जाऊ."

तेच दोन शब्द. 'धर न.' आईच्या, माझ्या, सगळ्यांच्या नियमाचा अर्थ तोच, दाबून ठेव. एवढी वर्षं मी धरलं होतं आणि त्याचं काय झालं ते मला आता माहीत होतं. मी म्हटलं, "नाही, आई. आता नाही धरत." आणि शाळेसमोरच्या पहिल्याच घराकडं चालायला लागले. सासूबाई मागून, "अव पोरी, लोकायच्या घरी? काय म्हनतीन ते? अव थांब!"

अंगणात एक बाई तुरीची डाळ पाखडत होती. वर्गात पन्नास पोरांसमोर बोलणारी मी, एक वाक्य तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, "ताई, जरा बाथरूमला जाऊ का तुमच्याकडं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "या न, मॅडम! पण आमच्या संडासात कोंबडी बसली हाये अंड्यावर. अन् बाकी कपाशीच्या पऱ्हाट्या भरल्या. सरकारनं बांधून देल्ला, आमी जळतन ठेवतो." आणि भिंतीपलीकडं ओरडली, "अव जाऊबाई! मास्तरीनबाईले जायचं हाये, बादली भरून ठेव!"

आता साऱ्या गल्लीला कळलं होतं. मी जाऊबाईकडं जाऊन आले. जमीन दुभंगली नाही. कोणी हसलं नाही, म्हणजे जाऊबाई हसली, पण कोंबडीला. डाळ पाखडणारी मला म्हणाली, "रोज पायतो तुमाले फटफटीवर. सकाळी येता, संध्याकाळी जाता. आमी म्हनतो, ह्या बाईले देवानं काही लावलंच नाही का!"

"लावलं होतं," सासूबाई म्हणाल्या, "म्हनूनच तं दवाखान्यात पडली." मग आवाज खाली घेऊन तिला विचारलं, "बादलीत पानी हाये का अजून?"

त्या आत गेल्या तेव्हा मी दुसरीकडं बघितलं. त्या बाहेर आल्यावर कोंबडीवाल्या बाईनं आम्हा दोघींना चहा दिला. सासूबाईंनी चहाच्या आधी पाणी मागून घेतलं.

परत येताना मी घाई केली नाही. ऊन अंगावर चांगलं लागत होतं. सासूबाईंनी एका हातानं मला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात कोंबडीवाल्या बाईनं दिलेली वाल-पापडीची पिशवी होती. आतल्या कच्च्या रस्त्यावर चांगलाच दणका बसला. "आई गं!" आवाज मागून आला. मी गाडी हळू केली.

"दुखलं?" या वेळी मी विचारलं.

"चूप. समोर पाय अन् गाडी चालव."

संध्याकाळी तो मुलगा आला. गाडीभोवती फिरला, टायर दाबून पाहिलं, किक मारली. नवरा कागद काढायला कपाटाकडं वळला. मी म्हटलं, "राहू द्या. गाडी विकायची नाही. उद्या मला शाळेत जायचं आहे."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मग सवयीनं आईकडं. सासूबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि कंबरेला बाम लावून घेत होत्या.

"मले काय पायतं? मी बसून आली. हाडं मोकळी झाली माही. तिले काहीच नाही झालं." मग त्या मुलाला म्हणाल्या, "बस बाबू, चहा घे. फटफटी दुसरीकडं पाय."

"अन् पुन्हा खडा झाला तं?" नवरा हळूच म्हणाला. त्याची भीती खरी होती. डॉक्टरांनीही पुन्हा होणार नाही असं वचन दिलेलं नाही.

"होईल तं होईल," मी म्हटलं. "पाणी पिऊन होईल."

सोमवारी मी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभी राहून, सगळे बसलेले असताना, चाबी मागितली आणि परत दिली नाही. ती माझ्या वर्गातल्या खिळ्याला लावली, पोरींच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. कडी बसवून घ्यायला आणखी भांडावं लागलं, ते भांडले. पाण्याची टाकी अजून आलेली नाही. तिच्यासाठीही मी रोज ऑफिसात जाऊन विचारते. सर मला बघितलं की स्वतःच म्हणतात, "टाकी, माहीत आहे."

आता निघताना सासूबाई दोन बाटल्या भरलेल्या आहेत की नाहीत ते हलवून बघतात. अडाणच्या पुलावर मी थांबते, एक अर्धी करते आणि गाडीला किक मारते. पहिल्या बाकावरची ती पोरगी शाळेच्या फाटकाशी उभी असते. तिच्याही हातात हल्ली बाटली असते.