आधी अर्थिंग बघायचं

सुधीर गेल्याचा फोन मला अनंताने केला. मी बोरिवलीला बाजारात भाजी घेत होते. "ताई, निघा. घाई करू नका, पण निघा," एवढंच तो म्हणाला, आणि घाई करू नका म्हटल्यावर काय ते मला कळलं. सुधीर माझा धाकटा भाऊ. अनंता त्याचा साकीनाक्याच्या गाळ्यातला भागीदार. सख्ख्या बहिणीच्या आधी भागीदाराला कळावं याचा एरवी मला राग आला असता. पण सुधीरच्या बायकोने, सुनंदाने, पहिला फोन त्याला केला हे बरोबरच होतं. घरात काही जड उचलायचं असलं की ती दोघं त्यालाच बोलावत आली होती. रिक्षा अंधेरीला पोचली तेव्हा मेथीच्या जुड्या अजून माझ्या मांडीवर होत्या. त्यांचं पुढे काय झालं ते आठवत नाही.

आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे विचारतात, काय करायचा भाऊ? मी सांगते, वेल्डर होता. मग समोरचा माणूस जरा थांबतो आणि म्हणतो, म्हणजे फॅब्रिकेशनचा व्यवसाय का? मी म्हणते, नाही हो, वेल्डर. सुधीर स्वतः तसंच सांगायचा. आमचे बाबा कोकणातून गिरणीत आले, गिरणी बंद पडल्यावर घरी बसले, आणि मुलाने पंख्याखालची नोकरी धरावी एवढंच त्यांच्या मनात राहिलं. सुधीर आयटीआयला गेला. तिथून पहिल्या दिवशी घरी आला तो डोळे लाल करून. आईने बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या आणि तो आडवा पडल्या पडल्या हसत म्हणाला, "आई, आज मी लोखंड चिकटवलं." त्याच्या आवाजातला तो आनंद मी पुन्हा फारसा कुणाच्या आवाजात ऐकला नाही. माझ्या पोस्टातल्या नोकरीत तरी कधीच नाही.

पूर्वी त्याच्या गाळ्यात वेल्डिंगचं मोठं अवजड मशीन होतं, जागेवरून हलायचं नाही. मग इन्व्हर्टरची छोटी मशीनं आली, खांद्याला पट्टा लावून न्यावीत अशी, आणि धंदाच बदलला. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, त्याच्याच बोर्डात पिन घालायची, गॅलरीत बसून ग्रिल जोडायचं. सुधीर म्हणायचा, खरी भीती तिथून सुरू झाली, कारण आता मशीन आपलं आणि वीज परक्याची. वेल्डर लोक वायरची उघडी टोकं बोर्डाच्या भोकात घालून काडेपेटीच्या काड्या ठोकत. असं कुणी करताना दिसलं की तो त्याच्या अंगावर ओरडायचा, ओळख असो नसो. त्याची स्वतःची पद्धत ठरलेली. पायात कोरडे बूट, बसायला प्लायवूडचा तुकडा. टेस्ट लॅम्प लावून बोर्डाला अर्थिंग आहे का ते आधी बघायचं. वायरचं वेटोळं पूर्ण सोडायचं, कारण गुंडाळलेली वायर तापते. मग मशीनचा परतीचा क्लॅम्प, म्हणजे करंट मशीनकडे परत नेणारा चिमटा. तो थेट कामाच्या लोखंडालाच, तोही जोडाच्या जवळ, रंग खरवडून. बाकीचे हा क्लॅम्प जवळ दिसेल त्या पाइपाला लावून मोकळे होत. "ताई, करंट आपला रस्ता शोधतो," तो सांगायचा, "आपण दिला नाही ना, तर तो कुणाच्या तरी अंगातून जातो." हे सगळं होईतो त्याचा हात वेल्डिंगची कांडी धरायच्या होल्डरला लागायचा नाही.

माझ्या घरी गॅलरीचं ग्रिल लावायला आला तेव्हा मी हे सगळं भोगलंय. दुसऱ्या दिवशी मुलीला बघायला पाहुणे यायचे होते आणि गॅलरीची एक बाजू उघडी. सुधीरने बोर्डाला दिवा लावून पाहिला आणि पिन काढून खाली बसला. "अर्थिंग नाहीये. भोक आहे, मागे वायरच नाही." मी म्हटलं, अरे एवढी वर्षं फ्रिज चालतोय त्यावर. म्हणाला, "फ्रिजचं नशीब." मग मीटरपर्यंत वायर शोधत गेला, इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याच्याशी भांडला, आणि संध्याकाळी कधीतरी माझ्या घराला पहिल्यांदा अर्थिंग मिळालं. ग्रिल राहिलंच. पाहुणे आले तेव्हा त्या उघड्या बाजूला मी चादर बांधली होती. मुलीचं तिथे जमलं नाही, त्याचा दोष मी बरेच दिवस चेष्टेने सुधीरला देत असे. तो म्हणायचा, "जिवंत आहेत ना सगळे? मग दुसरं स्थळ बघ."

असा माणूस धुरात मात्र उघड्या तोंडाने बसायचा. हे मला आजही समजत नाही, आणि लिहितानाही माझं डोकं फिरतं. गॅल्व्हनाइजचा, म्हणजे जस्त चढवलेला पाइप जोडताना पांढरा धूर निघतो, तो घशात गोडसर लागतो, असं तो सांगायचा. गाळ्याला खिडकी नाही, पुढचं शटर तेवढं उघडं. मास्क लावला की काच धूसर होते, गरम होतं, म्हणून नाकाला रुमाल, तोही आठवण झाली तर. आणि इलाज म्हणजे गूळ. साकीनाक्याच्या त्या गल्लीत सगळ्यांचा हाच इलाज. दुपारी जेवण झालं की गुळाचा खडा तोंडात टाकायचा, धूर पोटात उतरतो आणि निघून जातो. सुधीर गुळाच्या बाबतीतही तितकाच काटेकोर होता. काळा, कोल्हापुरी, चिक्कीचा नको. डबा संपत आला की सुनंदा आठवणीने भरून ठेवायची. पाइपाचं काम जास्त झालं की संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप यायचा आणि सकाळी उतरायचा. त्याला त्यांच्यात 'पाइपाचा ताप' म्हणत, जसं काही ते हवामान असावं. ताप आला की दुसऱ्या दिवशी गूळ जरा जास्त.

मग कोरडा खोकला सुरू झाला आणि थांबेना. लिफ्ट बंद असली की मधल्या मजल्यावर बसायचा. छातीच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. फोटो, स्कॅन सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक झाली आहेत, गेलेलं परत येत नाही, आहे ते जपायचं. सुधीरने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण मी रोज गूळ खायचो." डॉक्टर चांगले होते, हसले नाहीत. म्हणाले, "गूळ पोटात जातो हो. श्वासाची नळी वेगळी." रिक्षात बसल्यावर बराच वेळ तो बाहेर बघत होता. साकीनाका आला, गाळ्याची गल्ली मागे गेली, आणि मग म्हणाला, "ताई, म्हणजे मी क्लॅम्प दुसऱ्याच पाइपाला लावून बसलो होतो गं." त्याला उत्तर नको होतं. चूक त्याला पूर्ण कळली होती, आणि कळून काहीही उपयोग नव्हता. जगभरच्या चुका पकडणाऱ्या माझ्या भावाच्या वाट्याला हे यावं याचा मला संताप होता, अजून आहे.

शेवटच्या महिन्यांत घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं, हवेतून ऑक्सिजन काढणारं, भाड्याचं. ते लावायला आलेल्या माणसाने पिन एक्स्टेन्शनच्या बोर्डात घातली तर सुधीर पलंगावरून उठला. दोन शब्दांमध्ये थांबत, धाप टाकत त्याने सुनंदाकडून टेस्ट लॅम्प मागवला, भिंतीचा बोर्ड तपासला, मशीन भिंतीपासून पुढे ओढायला लावलं, नळीला कुठे पीळ नाही ना ते हाताने चाचपलं. तेवढ्याने तो इतका दमला की मशीन सुरू झाल्यावर पहिला श्वास घ्यायलाही त्याला वेळ लागला. त्याच्या हातांना तेच येत होतं आणि तेच त्यांनी शेवटपर्यंत केलं… मी दाराशी उभी राहून बघत होते. बरा होणार नाही हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि तरी अर्थिंग बघितलं गेलं.

सुनंदाला त्याने एकच नियम घातला. या खोलीत ज्योत नको. ऑक्सिजन असेल तिथे ठिणगीही वाढते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! देव्हारा त्याच खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी. लग्न झाल्यापासून सुनंदाचा सांजदिवा चुकलेला नव्हता. तिने निरांजन धुऊन पुसून पालथं ठेवलं आणि बाजारातून बॅटरीवरचा प्लास्टिकचा दिवा आणला, लुकलुकणारा. सुधीर त्याच्याकडे बघून म्हणाला, "झकास. देवालापण शॉकची भीती नाही." आम्ही तिघंही हसलो. हसताना त्याला खोकला आला आणि तो थांबेपर्यंत सुनंदा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.

तो गेला त्या दिवशी मी पोचले तेव्हा त्याला खाली घेतलं होतं. शेजारच्या बाई उशाशी ठेवायचा दिवा घेऊन आल्या, कणकेच्या गोळ्यावर बसवलेला, आणि काडी ओढणार तोच सुनंदाने त्यांचा हात धरला. "नको. मशीन चालू आहे." खरंच चालू होतं. सगळे रडत होते, फोन करत होते, आणि त्या कोपऱ्यात ते घुरघुरत रिकाम्या पलंगावरच्या नळीत हवा सोडत होतं. बंद करायला कुणी धजेना. शेवटी मी उठले. बटण दाबलं, मग पिन काढली, त्याने शिकवलं होतं तसंच. मग काडी ओढली गेली.

तेराव्याला अनंता आला होता. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, आता तरी नीट मास्क लाव, गाळ्याला पंखा बसवून घे, गूळबीळ सोड. तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "ताई, पंखा बसवायला मालक देत नाय. मास्क आणलाय, सुधीरचाच कोरा पडला होता. पण दुपारी गूळ खाल्ला नाय ना, तर सालं भीती वाटते." त्याच्या छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता, तो त्याला ऐकू येत नसावा.

परवा पुन्हा अंधेरीला गेले. मशीन परत गेलंय. जिथे ते होतं तिथे फरशीवर चार चाकांचे डाग आहेत, सुनंदा तेवढी जागा सोडून पुसते. दिवेलागण झाली. देव्हाऱ्यात तो प्लास्टिकचा दिवा लुकलुकत होता, बॅटरी उतरलेली, मध्येच बंद पडायचा. मी म्हटलं, "सुनंदा, अगं आता लाव की निरांजन. आता काय हरकत आहे?" ती उठली. निरांजन सरळ केलं, वात घातली, तूप घातलं, काडेपेटी हातात घेतली आणि तशीच पलंगाकडे बघत उभी राहिली. मग काडेपेटी परत ओट्यावर नेऊन ठेवली. म्हणाली, "ताई, ज्योत लावायची तर हे खोलीत नाहीत असं धरावं लागतं."

मग तिने ड्रॉवरमधून नव्या बॅटऱ्या काढल्या आणि प्लास्टिकच्या दिव्यात घातल्या.