ह्यांची चूक लिहिणाऱ्या नसरीनबाई

नसरीनबाई गेल्याचं मला आधी कळलं, ह्यांना नंतर. त्यांच्याबद्दलच्या दोनच गोष्टी मला ह्यांच्या आधी कळल्या, त्यातली ही दुसरी. हे म्हणजे माझे मालक, खरातसाहेब. हे न्हाणीत होते आणि ह्यांचा फोन ओट्यावर वाजत होता, म्हणून मी उचलला. नसरीनबाईंची भावजय बोलत होती. "भाभी, साब को बोल दो... आपा गुजर गई." हे डोकं पुसत बाहेर आले तेव्हा मी सरळ सांगितलं, "नसरीनबाई गेल्या. पहाटं, दवाखान्यात." मला आडवळणानं बोलता येत नाही. ह्यांनी टॉवेल दोरीवर टाकला. मग म्हणाले, "काल बोलताना दम लागून राह्यला होता त्यांना." म्हणजे काल बोलणं झालं होतं. त्या आजारी आहेत, दवाखान्यात आहेत, हे मला त्या फोनवर कळलं. ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, "त्यांनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं." कुणाला म्हणजे मलाही. त्या घडीला मला रडू आलं नाही, हे मी खरं सांगते.

आम्ही जालन्याला मस्तगडला राहतो. मी चौथी शिकले, हे बी.कॉम. आणि सहकारी बँकेत नोकरीला होते. नसरीनबाई त्याच शाखेत, ह्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहायच्या. बँकेत मोठ्या वह्या गेल्या आणि कॉम्प्युटर आले, तेव्हा बँकेनं ह्या दोघांना पुढं शिकायला घातलं. पदवीच्याही पुढचं शिक्षण, दोन वर्षांचं, आणि त्याचं नाव संगणक माहिती प्रणालीचं लेखापरीक्षण आणि व्यवस्थापन. हे नाव मी तेव्हाच पाठ केलं, कारण गल्लीतल्या बाया विचारायच्या. साध्या भाषेत सांगायचं तर बँकेचं कॉम्प्युटर कोण उघडतं, त्यात कोण काय भरतं, भरलेलं दुसरं कोण बघतं, आणि सगळं बुडालं तर परत कुठून आणायचं, हे तपासायचं शिक्षण. हे पन्नाशीला टेकले होते. नातवंडं खेळवायच्या वयात ह्यांनी दप्तर घेतलं.

दर रविवारी विद्यापीठात वर्ग असायचे, सकाळच्या बसनं औरंगाबादला जायचं. दोघं एकाच बसनं. आमची शेजारीण शकुंतला एकदा अंगणातून म्हणाली, "काय वहिनी, साहेब ह्या वयात कॉलेजला चाललेत, अन् जोडीनं." मी म्हटलं, "बरंय की. एकट्याला बसमध्ये झोप लागते, स्टॉप निघून जातो." ती हसली, मी पण हसले, आणि आत येऊन भाकरी अशी थापली की परातीला तडा जायचा बाकी होता. डबा मी दोघांचा द्यायची. डबा रिकामा यायचा, पण कौतुक यायचं ते नसरीनबाईंच्या डब्यातल्या खट्ट्या डाळीचं. एका रविवारी मीच चिंच घालून तशी डाळ केली. हे दोन घास जेवले आणि म्हणाले, "बराबर जमली न्हाई." पुन्हा कधी केली नाही.

अभ्यास आमच्याच घरी चालायचा, पुढच्या खोलीत. मला तो बंद करता येत नव्हता. माझे सासरे अंकुशनगरला साखर कारखान्यावर ऊस उतरवायचे. पाठीची साल गेली पण पोराची शाळा सुटू दिली नाही. त्यांनी घरात एकच कायदा केला होता, शिकणाऱ्याच्या आड यायचं न्हाई, मंग घराला आग लागू द्या. सासरे वारले तरी कायदा होता. पाहुणे आले तर त्यांना मागच्या दारानं घ्यायचं, टीव्ही लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही. ह्यांच्या शेजारी दुसरी बाई पुस्तक उघडून बसली तरी मी भांडं वाजवायचं नाही.

एक मात्र कबूल करायला पाहिजे, नसरीनबाई रीतीच्या पक्क्या होत्या. आल्या की आधी रस्त्याकडचं दार सताड उघडायच्या आणि मला म्हणायच्या, "भाभी, तुम्ही पण इथंच बसा. काम इथं आणा तुमचं." लोकांनी बोलू नये म्हणून. मी लसूण सोलत बसायची, शेंगा फोडत बसायची. त्यामुळं ती दोन्ही वर्षं मी त्या शिक्षणाला हजर होते, फक्त परीक्षा दिली नाही. त्यांचा पहिलाच धडा माझ्या डोक्यात बसला, की स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. एकानं भरायचं, दुसऱ्यानं पास करायचं. भरणाराच पास करायला लागला की गडबड सुरू होते. म्हणून हे उत्तर लिहायचे, ते त्या तपासायच्या. त्या लिहायच्या, ते हे तपासायचे. पेन्सिल घेऊन, एकमेकांची जराही गय न करता. "साहेब, हे तुम्ही पुस्तकातून उतरवलं, तुम्हाला समजलेलं न्हाई." "मॅडम, तुमचं अर्धं वाक्य उर्दू झालंय." असं चालायचं. हे माझ्याशी दिवसभरात भाजी, दूध आणि लाइट बिल एवढ्यावर बोलायचे. त्या खोलीत ह्यांच्या तोंडाला पाझर फुटायचा.

दुसऱ्या वर्षी दोघांना खऱ्या कचेरीचं काम तपासून अहवाल लिहायचा होता. बँकेनं आपलीच शाखा तपासायची परवानगी दिली, एका अटीवर, की अहवालाची एक प्रत मुख्य कचेरीला द्यायची. ह्यांनी नसरीनबाईंचा विभाग घेतला, त्यांनी ह्यांचा. आता मधलं सांगते. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझी आई गेली आणि आम्ही जांब समर्थला माझ्या माहेरी गेलो होतो. बँकेत काम अडलं म्हणून ह्यांनी तिथून फोनवर नसरीनबाईंना आपला पासवर्ड सांगितला. आई माझी गेली होती, आणि ह्यांचा जीव बँकेत होता. तेव्हा बँकेत ते सर्रास चालायचं. शेजाऱ्याकडं घराची किल्ली ठेवावी तसा पासवर्ड ठेवायचे. नाही सांगितला तर समोरचा तोंडावर विचारायचा, "का, भरोसा न्हाई का आमच्यावर?" एवढी साधी गोष्ट. तो पासवर्ड काय होता हे मला आजही माहीत नाही.

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी नसरीनबाई आमच्याकडं आल्या. हे अजून यायचे होते. त्या बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. म्हणाल्या, "भाभी, मी साहेबांचं लिहिलंय. पासवर्ड मला दिल्ता ते. अन् मी वापरला ते पण लिहिलंय. तुम्हाला दुसरीकडून कळू नये म्हणून आले."

ह्यांना अंबडच्या शाखेचं मॅनेजर करायचं चाललं होतं. सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाच्या चुका सापडल्या न्हाईत का तुम्हाला?"

"सापडल्या. लिहिल्या."

"मंग एक सोडली असती तर काय आभाळ पडणार होतं?"

"ती सोडून बाकीच्यांच्या कशा लिहू, भाभी?"

"माझ्या घरी बसून शिकलात तुम्ही. माझा चहा पिऊन."

"हां," त्या म्हणाल्या. "त्याच्यामुळं तर पाय उचलत नव्हता."

तेवढ्यात हे आले. त्यांनी कागद ह्यांच्या हातात दिला. मी भिंतीला टेकून बघत होते. मला वाटलं, आज ह्यांचा आवाज चढणार, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायचं होतं. हे चष्मा लावून उभ्यानं वाचत होते. पान उलटलं, परत मागं आले, खिशातून पेन्सिल काढली. म्हणाले, "बाकी बराबर आहे. ही तारीख चुकली. आम्ही सोमवारी गेल्तो, मंगळवारी न्हाई." तारीख दुरुस्त केली, कागद परत दिला आणि मला म्हणाले, "चहा टाक की."

अंबडची खुर्ची गेली. दोघांनाही मेमो आला, नसरीनबाईंची बदली परतूरला झाली. पुढं दोघंही चांगल्या मार्कांनी पास झाले, आणि बँकेनंच मग दोघांना इतर शाखा तपासायला पाठवलं. ह्यांची बढतीही झाली, पण ती उशिरा. मॅनेजरची बायको म्हणून अंबडला मिरवायचं होतं ते माझं राहून गेलं. हे त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, आणि नसरीनबाईंवर त्यांचा राग एक दिवसही टिकला नाही. मी एकदा दुधाचा हिशेब चुकवला तर हे आठवडाभर गप्प होते. माझ्या मैत्रिणी मला हळूच विचारायच्या, काही भानगड तर नाही ना. भानगड परवडली असती. भानगडीला शिव्या देता येतात, माहेरी जाता येतं, चार माणसं बसवता येतात. आपली चूक जगासमोर लिहिणाऱ्या बाईला जो माणूस 'बराबर आहे' म्हणतो, त्याच्याशी भांडायचं कशावरून?

ती रीत पुढं दोघांनी जन्मभर चालवली. मुलाच्या लग्नाची पत्रिका आधी परतूरला गेली, मग छापखान्यात. ह्यांचं निरोपाचं भाषण त्यांनी तपासलं. सोसायटीला अर्ज करायचा तरी आधी फोन. मी म्हणायची, "मला दाखवा की, मलाबी वाचता येतं." हे म्हणायचे, "तुला काय कळणार त्यातलं." त्या निवृत्त होऊन जालन्याला परत आल्या, तेव्हा फोनच्या जागी चहा सुरू झाला. दार उघडं, मी लसूण घेऊन शेजारी. म्हातारपणीसुद्धा.

त्या गेल्या त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. हे बाहेर पुरुषांत बसले, मी आत बायकांत. भावजय माझ्याजवळ सरकून म्हणाली, "आपा तुम्हारे घर से पढ़के साब बनी."

नंतर ह्या पेपरच्या पुरवणीवाल्यांनी ह्यांना नसरीनबाईंवर लिहायला सांगितलं. हे दोन-तीन दिवस लिहीत होते. लिहून झालं आणि कागद टेबलावर तसाच पडून राहिला. हे त्याच्याभोवती फिरायचे, बसायचे, उठायचे. मला समजलं, पास करायला माणूस नाही. शेवटी एका संध्याकाळी कागद माझ्या पुढ्यात ठेवला. "बघ बरं." लग्नाला एवढी वर्षं झाली, हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले. ओळीखाली बोट धरून मी सगळं वाचलं. नेमणूक, परीक्षा, बदली, निवृत्ती. मी म्हटलं, "हे बँकेचं पत्र झालं. ह्यात बाई कुठंय?" हे म्हणाले, "मंग तू लिही." मी लिहिलं. ते हे असं.

इथवरचं ह्यांनी पेन्सिलीनं तपासलं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, माझ्याबद्दलच्या वाक्यांना हात लावला नाही. मग म्हणाले, "एक राह्यलं. त्यांच्या हसण्याचं काहीच न्हाई."

"माझ्यासमोर कुठं हसल्या त्या?"

"बसमध्ये लई हसायच्या."

"कशाला?"

हे जरा अडखळले. "तुझं काहीबाही सांगायचो मी."

"म्हणजे मला हसत होते दोघं."

"आता कसं सांगावं... थांब, सांगतो."

आणि हे सांगायला लागले. बदनापूरच्या पुढं बस बंद पडायची ते, मी भाकरीवर राग काढते हे सांगितल्यावर त्या ओढणी तोंडाला लावून कशा हसल्या ते, पेपर कठीण गेला म्हणून येताना दोघं कसे गप्प बसून आले ते. एवढं सलग हे माझ्याशी जन्मात बोलले नव्हते. आणि सगळं त्यांचंच. मध्येच थांबून म्हणाले, "कंटाळली का?" मी म्हटलं, "न्हाई. पुढं सांगा."

हे खालचं मी मागून जोडलंय, ह्यांनी तपासलेलं नाही. नसरीनबाईंचं नाव निघालं की माझा जीव अजून जळतो. आणि नाव निघालं नाही तर हे बोलत नाहीत. म्हणून आता संध्याकाळी चहा टाकला की नाव मीच काढते.