कड्यावरचं गाव

इटलीतल्या ज्या लहानशा गावात माझी लेक जुन्या चर्चच्या डागडुजीचं काम करते, ते गाव एका ठिसूळ कड्यावर वसलेलं आहे. मी तिच्याकडे गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला सगळं हौसेने दाखवलं. वेशीची दगडी कमान झाली, घंटाघर झालं, चौकातली विहीरही झाली. चौकाच्या टोकाला एका घराची फक्त दर्शनी भिंत उभी होती आणि तिच्या खिडकीतून आभाळ दिसत होतं. मागचं घर केव्हाच दरीत गेलं होतं. मी लेकीचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"अगं, आणि तू इथं राहतेस?"

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी मटार सोलत होती. लेकीने तिला माझं बोलणं सांगितलं, तशी ती हसून काहीतरी म्हणाली.

"आई, त्यांचा जन्म त्याच घरातला. त्या विचारतायत, तुमच्या गावाला कधी काही होणार नाही, असं तुम्हाला कुणी लिहून दिलंय का?"

लेक सुखरूप जागी असावी म्हणून मी जन्मभर जिवाचा आटापिटा केला. पण तशी जागा कुठे आहे, हे मला कुठे ठाऊक होतं?

म्हातारीने सरकून जागा केली. मी बसले, पण पाठीमागच्या भिंतीला टेकायचा धीर काही झाला नाही.