पाच काळ्या पट्ट्या

माझ्या बहिणीला भूप आवडत नव्हता.

मी इथे लिहिणारी बाई नाही. पण परवा पवनीच्या महिला भजनी मंडळाच्या रेखाबाईंनी पोस्ट टाकली : "शशीताईंचा आवडता राग भूप. रविवारी त्यांच्या आठवणीत फक्त भूपातली भजनं." खाली सगळ्यांनी हात जोडले.

म्हणून लिहावं लागतंय. शशीला जाऊन आज महिना झाला.

शशी माझी धाकटी बहीण. मंडळात बावीस वर्षं पेटी वाजवली. त्यातली शेवटची चौदा संधिवातात.
म्हातारपणी गुडघे धरतात तो नाही. रूमॅटॉइड. शरीर स्वतःचेच सांधे खातं, तो. शेवटी त्याने फुफ्फुसंही धरली.

तिची बोटं आधी सुजली, मग वाकली, मग सगळी करंगळीकडे कलली. वाऱ्याने धान कलतं तशी.

कललेलं बोट पांढऱ्या पट्टीवर ठेवलं की शेजारचीही दबते. दोन सूर एकदम वाजतात.
काळ्या पट्ट्या उंच असतात, सुट्या असतात. तिथे वाकडं बोटही नेमकं बसतं.

काळी तीनचा, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीचा, सा धरला की पाच काळ्या पट्ट्यांत पाच सुरांचा अख्खा भूप होतो. पांढरीला हात लावावा लागत नाही.

शशीने एकेका भजनाची चाल बदलून भूपात बसवली. बायकांना वाटलं, हिला भूपाचं वेड लागलंय.

तिला आवडायची भैरवी. कोंढ्याला आमच्या माहेरी ती पांढरी तीनपासून वाजवायची. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या.
नेमकी तीच गेली.

भजन भैरवीने संपवायची रीत. शशी भैरवी न घेताच पेटी मिटायला लागली. एकदा रेखाबाईंनी सगळ्यांसमोर टोकलं.

"शशीताई, भैरवी नाही घेतली तर भजन संपलं हे देवाले कसं समजन? तो तसाच बसून राहीन ना."
"बसू दे की. त्याले कुठं भंडाऱ्याची एसटी पकडाची आहे."

सगळ्या हसल्या. शशीही हसली. मी मागे बसले होते. मला माहीत होतं.

घरी येताना म्हटलं, "खरं सांगून टाक ना त्यांना."
"सांगतलं का मी बिचारी होते, ताई. मंग आरतीचं ताट धरायले ठेवतील मले. पेटी नाही देत."

तिची सकाळ अशी : वैनगंगेची रेती तव्यावर तापवायची, फडक्यात पुरचुंडी बांधायची, दोन्ही हात तिच्यावर दाबून बसायचं. तासाभराने ब्लाउजचं पहिलं बटण लागायचं. भजनानंतर दोन दिवस तिला कप उचलवत नसे.

मी रागवायची. "सोड ती पेटी."
"सोडली तर दुखणं थांबन काय? नाही ना? मंग वाजवून तरी दुखू दे."

आता पुढचं रेखाबाईंसाठी नाही.

मी शशीचा हात धरत नसे. चहा तिच्या हातात देत नसे, स्टुलावर ठेवायची. संसर्गाचा रोग नाही, हे मला कळत होतं. पण आमच्या आईची बोटंही तशीच होती. आधी आई, मग शशी. घरात उरलेली मी.

शशीने एकदाच विचारलं. "ताई, तुले माह्या हाताचं भेव वाटते ना?"
"काहीतरीच बोलू नकोस. चहा निवतोय."

तीस वर्षं शाळेत मुलींना खरं बोला म्हणून शिकवलं मी.

वाटायचं, शशी. फार वाटायचं.

दिवाळीपासून सकाळी माझी उजवी मूठ मिटत नाही. बादलीची कडी धरवत नाही. तुझ्या तेरवीला माझ्या हातून भाताची परात सुटली. लोकांना वाटलं, दुःखाने.
मी वाटू दिलं.

पोस्ट वाचली त्या दुपारी तुझी पेटी काढली. काळी तीनवर बोट ठेवलं. सा रे ग प ध. मधलं बोट ग वर पोचेना. तशीच बसून राहिले, शेवटी मला किती पट्ट्या उरतील ते मोजत.

काल रेखाबाईंना घरी बोलावलं. काही न सांगता पेटी उघडून समोर ठेवली. काळ्या पट्ट्यांचा रंग उडालेला, खालचं लाकूड दिसतं. पांढऱ्या मात्र दुकानातून आणल्यासारख्या.

बाईंनी उघड्या लाकडावरून बोट फिरवलं.
"काहून नाही सांगतलं जी?"
"तुम्ही पेटी काढून घेतली असती म्हणून."
त्या नाही म्हणाल्या नाहीत. प्रामाणिक बाई आहे.

मग म्हणाल्या, "आणि तुमी उजवा हात पदराखाली काहून धरून राहिल्या?"

त्यांनी हात ओढून बाहेर काढला आणि सुजलेल्या पेरांवर स्वतःचे दोन्ही हात ठेवून धरून बसल्या. कितीतरी वेळ.
इतकं सोपं होतं ते. चौदा वर्षं मला जमलं नाही.

शशी, रविवारी शेवटी भैरवी होणार आहे. तू आता ऊठ. देवालाही उठू दे.

दिलेल्या वस्तूंची नोंद :
पेटी, भात्याला ठिगळ लावलेली. रेखाबाईंना.
चालींची वही. रेखाबाईंना.
माझं रक्त. आज सकाळी, भंडाऱ्याच्या लॅबमध्ये. रिपोर्ट परवा.

रेतीची पुरचुंडी कुणालाही दिलेली नाही. ती माझ्याकडे आहे.